घरचा डॉक्टर : स्वतःचा दवाखाना की पगारी नोकरी?

कामगार संघटनेत काम करणाऱ्याने डॉक्टरांच्या इतिहासावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु मजुरी कशी ठरावी, कामाचे तास किती असावेत आणि धंद्यातली जोखीम कोणी उचलावी, हे आमचे नित्याचे प्रश्न आहेत. आणि नव्याने पदवी घेतलेल्या डॉक्टरापुढेही हेच प्रश्न उभे असतात. स्वतःचा दवाखाना थाटावा, की पगारावर राहावे? लोक म्हणतात, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग आहे. धाडसी माणूस दवाखाना काढतो, जपून वागणारा नोकरी धरतो. ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे म्हणणे टिकत नाही असे आम्हांस वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील कामगार आठवड्याच्या मजुरीतून वर्गणी काढून परस्पर-साहाय्यक मंडळ्या चालवीत आणि सभासदांसाठी डॉक्टर नेमीत. साउथ वेल्समधील ट्रेडेगर या खाणींच्या गावी १८९० मध्ये स्थापन झालेली संस्था त्यांतली पुढे फार नावाजली. अशा व्यवस्थेत कामगार मालक होता आणि डॉक्टर त्याचा चाकर. मालक झालेला कामगार नेहमीच उदार असतो, असे मात्र समजू नये. पुष्कळ मंडळ्यांनी डॉक्टरांमधल्या चढाओढीचा फायदा घेऊन दर खाली ओढले, आणि कमिटीच्या लहरीप्रमाणे डॉक्टर ठेवला किंवा काढला. डॉक्टरांच्या मनात पगाराविषयी जी अढी बसली, तिचे एक मूळ येथे आहे. ती केवळ वर्गाभिमानातून आली नव्हती, हे आमच्यासारख्या संघटनावाल्यांनी मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

१९११ मध्ये लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा केला आणि १९१३ पासून विमेदार कामगारांना औषधोपचार मिळू लागले. डॉक्टरांची यादी, म्हणजे पॅनेल, तयार झाली; कामगाराने त्यातून आपला डॉक्टर निवडावा आणि डॉक्टरला दरडोई ठरावीक रक्कम मिळावी, अशी ही योजना होती. कामगाराची बायकामुले तीत नव्हती. डॉक्टर मंडळ्यांच्या कचाट्यातून सुटला आणि 'स्वतंत्र' झाला.

पण तरुण डॉक्टरचे काय? त्या काळी दवाखान्याचे नाव आणि रोग्यांचा राबता यांची रीतसर विक्री होत असे. किंमत साधारणपणे दीड ते दोन वर्षांच्या उत्पन्नाइतकी पडे. ज्याच्या बापाजवळ पैसा होता तो चालता दवाखाना घेई; ज्याच्याजवळ नव्हता तो कर्ज काढी किंवा दुसऱ्याच्या हाताखाली पगारावर राही. कर्जाचे हप्ते फेडीत वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसाला स्वतंत्र म्हणायचे असेल तर म्हणावे. सावकार हा त्याचा मालकच होता. निवड स्वभावाने होत नव्हती, ती थैलीने होत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा डाव मोडला. मोडणारा गृहस्थ याच ट्रेडेगर गावचा. अन्युरिन बेव्हन तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला, पुढे आरोग्यमंत्री झालेला. १९४६ च्या कायद्याने त्याने राष्ट्रीय आरोग्यसेवा आखली आणि दवाखान्यांच्या विक्रीला बंदी घातली. डॉक्टरांना भरपाई म्हणून ६ कोटी ६० लाख पौंड ठेवले. परंतु दरडोई रकमेच्या जोडीला ३०० पौंडांचे मूळ वेतन द्यावे, असे त्याने सुचवताच ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने रान उठवले. आज थोडा पगार, उद्या पूर्ण नोकरी, अशी त्यांना भीती होती. फेब्रुवारी १९४८ मध्ये मतदान झाले तेव्हा दहांपैकी सुमारे नऊ डॉक्टर विरुद्ध गेले. एप्रिलमध्ये बेव्हनने आश्वासन दिले की, संसदेने नवा कायदा केल्याशिवाय पूर्णवेळ पगारी सेवा येणार नाही. मग विरोध ओसरला आणि ५ जुलै १९४८ रोजी सेवा सुरू झाली.

फॅमिली डॉक्टर स्वतंत्र कंत्राटदार राहिला. आता दवाखाना विकत घ्यावा लागत नव्हता. तरी तरुणासाठी दार सताड उघडले असे झाले नाही. विक्री गेली, पण भागीदारी उरली, आणि ती देणे ज्येष्ठ डॉक्टरांच्या हाती होते. पुढेमागे भागीदार करू, या आशेवर तरुणाला मदतनीस म्हणून राबवण्याचे प्रकार घडले. आमच्या गिरण्या-कारखान्यांतल्या बदली कामगाराला ही आशा चांगली ओळखीची आहे.

दुसरी अडचण हिशेबाची होती. उत्पन्न माणशी ठरलेले. जागेचे भाडे, परिचारिका, कारकून यांचा खर्च डॉक्टरच्याच कमाईतून जाणारा. म्हणजे जो दवाखाना सुधारी तो तोट्यात जाई, आणि जो कोंदट खोलीत गर्दी उरके तो नफ्यात राही. १९५० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये कॉलिंग्ज यांचा अहवाल छापून आला. अनेक दवाखान्यांची दुरवस्था त्याने उजेडात आणली. असंतोष साठत जाऊन १९६५ मध्ये हजारो डॉक्टरांनी तारीख न घातलेले राजीनामे आपल्या संघटनेकडे सोपवले. युनियनवाल्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ही संपाचीच नोटीस होती. आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन यांच्याशी वाटाघाटी झाल्या. १९६६ च्या नव्या करारात मूळ भत्ता आला, भाडे व नोकरांच्या पगाराचा बराच भाग परत मिळू लागला, आणि डॉक्टरांनी एकत्र येऊन दवाखाना चालवण्यास उत्तेजन मिळाले. पुढे तरुण या पेशाकडे वळू लागले. त्यांचे स्वभाव काही बदलले नव्हते. शर्ती बदलल्या होत्या.

याच सुमारास आपल्याकडचे डॉक्टर तिकडे गेले. इस्पितळातील वरच्या जागा त्यांना सहसा मिळत नसत. म्हणून वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यांत आणि औद्योगिक शहरांच्या गरीब वस्त्यांत, जेथे तेथील तरुण जायला नाखूष होते, तेथे त्यांनी दवाखाने चालवले. कागदोपत्री ते स्वतंत्र व्यावसायिक होते. परंतु पुष्कळांच्या बाबतीत दुसरी वाट बंद असल्यामुळे ही वाट धरली गेली.

२००४ च्या कराराने काटा पुन्हा हलला. रात्रीच्या सेवेची जबाबदारी सोडण्याची मुभा मिळाली, आणि पगारी डॉक्टरांसाठी नमुना सेवाशर्ती ठरल्या. आठवड्याला साडेसदतीस तास म्हणजे पूर्ण काम. त्यानंतर पगारी डॉक्टरांची संख्या वाढत गेली आणि भागीदारांची घटली. भागीदारीत इमारतीच्या दीर्घ मुदतीच्या भाड्याची व देण्यांची जोखीम अंगावर येते. मुलेबाळे सांभाळणाऱ्या तरुण स्त्री-डॉक्टरांना बांधलेले तास सोयीचे पडतात. शिवाय नव्या माणसाला नफ्यात वाटा देण्यापेक्षा पगार देणे जुन्या भागीदारांनाही परवडते. येथे मौज अशी की, १९४८ मध्ये डॉक्टरांना सरकार मालक होईल ही भीती होती. आज अनेक पगारी डॉक्टरांचा मालक दुसरा डॉक्टरच आहे. आणि पगाराविरुद्ध लढलेली तीच असोसिएशन पगारदारांच्या तासांसाठी वाटाघाटी करते.

हा इतिहास आपल्यालाही परका नाही. आपला कामगार राज्य विमा कायदा १९४८ चाच. त्याआधी १९४४ मध्ये बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला होता. १९५४ मध्ये ही योजना मुंबईत आली तेव्हा येथेही दरडोई पैसे घेणारे पॅनेल डॉक्टरच नेमले गेले. गिरणगावच्या जुन्या माणसांना तो शब्द पाठ आहे.

पगारात सगळे भले आहे, असे आमचे म्हणणे नाही. स्वतःच्या दवाखान्यात तीस वर्षे बसलेला डॉक्टर घराच्या तीन पिढ्या ओळखतो. दोन वर्षांत नोकरी बदलणारा ओळखू शकत नाही. हे नुकसान डॉक्टरचे नव्हे, रोग्याचे आहे. म्हणून तरुण डॉक्टर गावात टिकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी त्यांच्या पिढीला नावे ठेवण्याआधी चार गोष्टींची चौकशी करावी : जागेचे भाडे कोण भरतो, रात्री कोण जागतो, कर्जावर सही कोणाची, आणि नोकरी सोडताना त्याच्या हाती काय उरते. तरुणानेही सही करण्यापूर्वी हेच विचारावे. कागदावर मालक लिहिले आहे की नोकर, हे त्यानंतर पाहिले तरी चालेल.