गडाची चोरदिंडी, घराची दुसरी चावी

चावी हरवली, नाहीतर चावी घेऊन घरातलं माणूस पुण्याला गेलं, आणि आपण भारा घेऊन आपल्याच दारात बसलो, असं आपल्यातल्या बऱ्याच जणींचं होतं. आज आम्ही या बंद दाराचा इतिहास सांगणार आहोत. त्याचा धडा आपल्याच राजगडावर आहे.

शिवकाळात गडाचे दरवाजे सांजेला बंद होत ते सकाळीच उघडत. किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात. दार लागलं की नाही, हे तो स्वतः ढकलून, ओढून बघे. रात्री ओळखीच्या माणसालाही दार उघडायचं नाही, असा शिरस्ता.

याच शिरस्त्यातून रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका आली. कोजागिरीला गडावर दूध घालायला गेलेल्या या गवळणीला उशीर झाला, दरवाजे लागले. घरी तान्हं बाळ. ती अंधारात कडा उतरून गेली. तिथल्या बुरुजाला तिचं नाव आहे आणि एस.टी. स्टँडवर अंगावर पाजणाऱ्या आईसाठी जी खोली असते, तिलाही हिरकणी कक्षच म्हणतात. तिच्या धाडसाला आम्ही हात जोडतो. पण एक विचारतो : बाईला बाळाकडे जायला जिवावर उदार का व्हावं लागलं? तिला दुसरी वाट नव्हती म्हणून.

आता वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याकडे या. रायगडाच्या आधी राजधानी होती ती राजगडावर. या गडाला पाली दरवाजा आहे, गुंजवणे दरवाजा आहे, संजीवनी माचीकडे आळू दरवाजा आहे. शिवाय पद्मावती माचीवर चोर दरवाजा आहे. गुंजवण्याहून चढणारे आजही त्याच अरुंद वाटेनं वर येतात. एक वाट अडली तर दुसरी तयार, अशी ही योजना. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त हेच नियम म्हणून सांगितलं आहे. गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष. म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्याही ठेवाव्यात. पण रोजच्या वापराला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात.

ही दुसरी अर्धी गोष्ट विसरायची नाही. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कोंढाण्यावर दारातून गेले नाहीत. रात्री कडा चढून गेले. जिकडून कोणी येणार नाही असं वाटतं, तिकडूनही माणूस येतो. म्हणून जादा चावी उंबऱ्याशी, कौलाखाली किंवा तुळशीच्या कुंडीत ठेवू नका. ती जागा चोराला आधी सुचते. चावी ठेवायची ती भरवशाच्या माणसाकडे.

जुन्या घरांना हा प्रश्न फारसा नव्हता. दाराला आतून अडसर, आणि घरात म्हातारं माणूस कायमचं. वाड्याच्या मोठ्या दाराला छोटी दिंडी असे. मोठं दार न उघडता वाकून आत जाता येई. पुढे मुंबई-पुण्याच्या कामानं घरं पांगली. सासूबाईंच्या जागी कुलूप आलं. माणूस आतून दार उघडायचं, कुलूप उघडत नाही.

मैत्रिणींनो, आणखी एक बंद दार आहे, त्याबद्दल आपण हळू आवाजात बोलतो. भांडण होतं, बाईला बाहेर काढलं जातं आणि आतून कडी लागते. अशा वेळी शेजारणीकडची चावी पुरत नाही. यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. घर बाईच्या नावावर नसलं तरी ज्या सामाईक घरात ती नांदते, तिथे राहण्याचा तिला हक्क आहे. कायद्याची रीत सोडून तिला बाहेर काढता येत नाही. त्याआधी २००३ मध्ये राज्य शासनानं ग्रामपंचायतीत घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करायला सांगितलं. नमुना ८ चा हा उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद. मालकीचा पक्का पुरावा नव्हे. तरी त्यावर आपलं नाव असलं की आपण त्या घरातल्या आहोत, हे कागद बोलतो.

गडाची दिंडी वेढा पडल्यावर खोदत नाहीत. आपणही आधीच करू या. एक जादा चावी गटातल्या एका मैत्रिणीकडे, आणि ती कोणाकडे आहे हे घरातल्या पोरांना ठाऊक. दोन फोन नंबर तोंडपाठ, कारण मोबाईलही आत राहतो. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि नमुना ८ यांच्या झेरॉक्स घराबाहेर भरवशाच्या ठिकाणी. अंगावर आलंच तर महिला हेल्पलाईन १८१, तातडीला ११२, आणि पुढे तालुक्याचे संरक्षण अधिकारी.

येत्या बैठकीत बचत जमा झाली की उठू नका. प्रत्येकीनं दोनच गोष्टी सांगायच्या : माझी दुसरी चावी कोणाकडे आहे, आणि घराच्या उताऱ्यावर माझं नाव आहे की नाही. जिचं नाव नसेल तिच्याबरोबर दोघींनी ग्रामपंचायतीत जायचं. हिरकणी एकटी होती. आपला गट आहे.