तेलपाणी आणि कंपवात : कळंब परिसर

कंपवाताच्या रुग्णाला तेल चोळणे हा महाराष्ट्रातला जुना उपचार. ‘माधवनिदाना’त सर्वांगाच्या व डोक्याच्या कंपाला वेपथु म्हटले असून तो वातविकारांत गणला आहे, आणि वातावर पहिला इलाज स्नेहनाचा. ‘अष्टांगहृदय’ रोजच्या अभ्यंगात डोके, कान व तळपाय यांवर भर देते, पण कफ वाढलेल्याला तो वर्ज्य सांगते. हा अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

यवतमाळ–नागपूर रस्त्यावरचे कळंब चिंतामणीचे गाव. मंदिर जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जाण्याचे. तिथे कुंडही आहे. गौतमाच्या शापाने सर्वांग विद्रूप झालेल्या इंद्राने येथे गणेशाची आराधना केली, अशी आख्यायिका आहे. या भागात अंगाला तीळतेल, जवसतेल किंवा मोहाच्या बियांचे तेल लावत. मग डाळीचे पीठ चोळून ऊन पाण्याने अंघोळ. दाढी आणि डोक्याची मालिश बलुतेदार न्हाव्याकडे असे. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्याला ही मोठीच सोय होती. बलुते संपले तसे हे काम घरच्यांवर आले.

याच मुलखातल्या कुंपणांवर खाजकुइली चढते. तिच्या शेंगांवरची लव अंगाला लागली की असह्य खाज सुटते, तर बी औषधात कपिकच्छू म्हणून ओळखले जाते. 1937 मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून लेव्होडोपा वेगळे केले. कंपवातात त्याचा उपयोग मात्र पुढे कळला: 1957 मध्ये कार्लसन यांच्या प्रयोगांनी लेव्होडोपापासून मेंदूत बनणाऱ्या डोपामिनचे महत्त्व दाखवले आणि 1967 मध्ये कोटझियास यांनी मोठ्या मात्रेचा परिणाम सिद्ध केला. बियांतले प्रमाण कमीजास्त असते. लेव्होडोपाच्या गोळ्या चालू असताना या बिया मनाने घेणे घातक आहे.

कंपवातातल्या चेहऱ्याच्या तेलकटपणाकडे पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष विशेष गेले ते 1916 नंतरच्या, मेंदूला सूज आणणाऱ्या निद्रारोगाच्या (एन्सेफलायटिस लेथार्जिका) साथीत; तिच्यातून वाचलेल्या अनेकांना पुढे कंपवात जडला. कंपवाताच्या रुग्णांत नाकाच्या कडा, भुवया व टाळूवर खवले धरतात. मॅलॅसेझिया ही बुरशी त्वचेतल्या तेलावर पोसते, म्हणून तिथे तेल थापणे उलट अपाय करते. केटोकोनॅझोलचा शाम्पू काही मिनिटे ठेवून धुणे हा आजचा रूढ उपाय. हातपाय कोरडे पडले असतील तर तिथे तेल चालते. तळपायांना लावले तर मात्र ते पुसून मगच उभे करावे, कारण तोल आधीच कच्चा असतो. जुन्या उपदेशात दुरुस्ती करायची ती इथेच.

कंपवाताच्या औषधाची पट्टी त्वचेवर लावणाऱ्याने जागा रोज बदलावी. रंग किंवा आकार बदलणारा तीळ लवकर दाखवावा, कारण कंपवातात मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका काहीसा वाढलेला आढळतो. अंथरुणाला खिळलेल्याची कूस सुमारे दोन तासांनी पालटावी आणि लाळेने भिजलेली हनुवटी न घासता टिपून कोरडी करावी.