संधिज्वराचे निदान : जोन्स निकषांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मुलांच्या सांधेदुखीचे अचूक निदान हा वैद्यकशास्त्रातील जुना व अवघड प्रश्न आहे. घशातील स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंच्या संसर्गानंतर साधारणतः २ ते ३ आठवड्यांनी, मुख्यतः ५ ते १५ वर्षे वयोगटात उद्भवणाऱ्या संधिज्वराच्या, म्हणजेच ऱ्हुमॅटिक फीवरच्या बाबतीत तो अधिकच बिकट होतो; कारण या रोगाचे निश्चित निदान करणारी एकही स्वतंत्र चाचणी उपलब्ध नाही. प्रस्तुत लेखात या रोगाच्या निदानाचे निकष कसे घडले व का बदलले, याचा मागोवा घेतला आहे.

रोगाची ओळख

पॅरिस येथील झाँ-बाप्तिस्त बुइयो यांनी १८३६ मध्ये तीव्र संधिदाह व हृदयविकार यांचा परस्परसंबंध ठामपणे मांडला. पुढे १८९७ मध्ये लंडनच्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी २२ मुलांच्या अभ्यासातून बालवयातील दीर्घकालीन संधिदाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. या दोन रोगांतील भेद महत्त्वाचा आहे. संधिज्वरात सूज एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरते व लवकर ओसरते; दीर्घकालीन बालसंधिदाहाच्या आजच्या व्याख्येनुसार ती किमान ६ आठवडे टिकावी लागते. तथापि संधिज्वरात सांधे पूर्ववत झाले, तरी हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते.

निकषांची जडणघडण

बोस्टन येथील टी. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये लक्षणांची प्रमुख व गौण अशी विभागणी केली. त्यांचा हेतू अतिनिदान टाळण्याचा होता. त्या काळी संधिज्वराचा शिक्का बसलेल्या मुलास महिनोन् महिने अंथरुणावर काढावे लागत. १९४४ च्या यादीत केवळ सांधेदुखी हेही प्रमुख लक्षण होते. १९५६ च्या सुधारणेत तिच्या जागी अनेक सांध्यांचा दाह आला. १९६५ मध्ये पूर्वीच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गाचा पुरावा आवश्यक ठरविण्यात आला. अशा रीतीने निकष उत्तरोत्तर कठोर होत गेले.

दरम्यान पेनिसिलिनमुळे या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ठरावीक आठवड्यांनी दिलेल्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनने रोगाची पुनरावृत्ती टाळता येते, हे १९५० च्या दशकात सिद्ध झाले. साहजिकच निदान हुकणे म्हणजे मुलाला या संरक्षणापासून वंचित ठेवणे ठरले. श्रीमंत देशांत रोग विरळ झाल्याने कठोर निकष तेथे योग्य होते. भारतासारख्या देशांत मात्र त्यांमुळे खरे रुग्ण निसटण्याचा धोका होता.

२०१५ ची सुधारणा

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१५ मध्ये हा भेद मान्य केला. शालेय वयाच्या दर १ लाख मुलांमागे वर्षाला २ किंवा त्याहून कमी नवे रुग्ण आढळणारे समाज अल्प जोखमीचे मानण्यात आले. इतरत्र एकाच सांध्याचा दाह किंवा, अन्य कारणे वगळल्यावर, अनेक सांध्यांचे दुखणेही प्रमुख लक्षण म्हणून स्वीकारले गेले. स्टेथोस्कोपने न कळणारा झडपांचा दाह डॉपलर इकोकार्डिओग्राफीने शोधण्यासही मान्यता मिळाली.

निष्कर्ष

जोन्स निकषांचा इतिहास हा दोन चुकांमधील तोल साधण्याचा इतिहास आहे. अतिनिदानाने निरोगी मुलाच्या वाट्याला अनेक वर्षांची इंजेक्शने येतात, तर हुकलेल्या निदानाने ऐन तारुण्यात झडपेची शस्त्रक्रिया ओढवू शकते. यांपैकी कोणती चूक अधिक घातक, हे रोगाचे त्या समाजातील प्रमाण ठरविते. म्हणूनच एका समाजासाठी घडविलेले निकष दुसऱ्या समाजास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, हा धडा या इतिहासातून मिळतो.