महालक्ष्मीचें खिंडार

मुंबई हें सात बेटांचें मिळून झालेलें एक बेट आहे, ही गोष्ट आमच्या शाळांतील मुलांसही पाठ असते. परंतु त्या सात बेटांच्या मधल्या पाण्याचें पुढें काय झालें, हा प्रश्न त्या मुलांनीं विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्यांच्या वडिलांनींही तो क्वचितच विचारला असेल. समुद्र हटला व जमीन झाली, एवढ्यावर आपलें समाधान होतें. परळ किंवा दादर येथें पावसाळ्यांत ज्यांच्या घराच्या उंबरठ्यास पाणी लागतें, त्यांनीं तरी या मधल्या पाण्याची हकीकत समजून घ्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

१६६८ सालीं इंग्लंडच्या राजानें सालीना दहा पौंड भाड्यानें मुंबई कंपनीस दिली, तेव्हां महालक्ष्मीची टेकडी व वरळी यांच्यामध्यें एक मोठें खिंडार होतें. भरतीचें पाणी त्यांतून आंत शिरे व भायखळ्यापर्यंतचा सखल प्रदेश व्यापून टाकी. ओहोटी झाली कीं मागें चिखल, खारट दलदल व दुर्गंधी राही. पायधुणी हें नांव, खाडी ओलांडून येणारे लोक तेथें पाय धूत म्हणून पडलें, असें परंपरा सांगते. उमरखाडीच्या नांवांत तर खाडी अद्यापि जिवंत आहे. आम्हांस वाटतें, शहरांतील कागदपत्रांपेक्षां शहरांतील नांवेंच पुष्कळ वेळां अधिक प्रामाणिक असतात.

हें खिंडार कोणीं बुजविलें? याचें लोकप्रिय उत्तर सर्वश्रुत आहे. विल्यम हॉर्नबी हा १७७१ पासून १७८४ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. विलायतेंतील डायरेक्टरांनीं खर्चास मंजुरी नाकारली असतांही त्यानें काम रेटलें, व बडतर्फीचा हुकूम हातीं पडला तेव्हां बांध पुरा झालेला होता, असें सांगतात. आपल्या बाजूची कथा याहून रसाळ आहे. रामजी शिवजी या पाठारे प्रभु गृहस्थाकडे काम होतें. बांध घालावा तों ढासळावा. अखेर देवीनें स्वप्नांत येऊन, आपल्या मूर्ति वरळीजवळ समुद्राच्या तळाशीं आहेत, त्या बाहेर काढ, असें सांगितलें. मूर्ति निघाल्या, बांध टिकला व महालक्ष्मीचें देऊळ झालें.

दोन्ही कथा सुंदर आहेत. पण जॉन हेन्री ग्रोस नांवाचा कंपनीचा नोकर १७५० सालीं मुंबईस आला होता. त्याचें प्रवासवर्णन १७५७ त छापलें गेलें, आणि त्यांत या खिंडारावरील बांधाचें वर्णन आहे! पाव मैलाहून लांब असा तो बांध होता. शिवाय ग्रोस एक मार्मिक दोषही नोंदवितो. बांध सरळ रेषेंत न घालतां मध्यें आंतल्या बाजूस वांकविलेला आहे, त्यामुळें लाटांचा मारा त्या वांकावर एकवटतो, असा लोकांचा आक्षेप होता. म्हणजे हॉर्नबी गव्हर्नर होण्याच्या वीस वर्षें आधीं तेथें बांध होता, इतकेंच नव्हे, तर त्याच्याबद्दल तक्रारही होती. त्या जुन्या, दुबळ्या बांधाच्या जागीं अधिक भक्कम काम हॉर्नबीच्या कारकीर्दींत झालें, असें मानण्यास आमची हरकत नाहीं. पण समुद्राला अडविणें हा एका शूर पुरुषाचा एका वर्षांतील पराक्रम नव्हे. तें पिढ्यान्पिढ्या चालणारें डागडुजीचें काम असतें, आणि दगड वाहणाऱ्या माणसांची नांवें ना दप्तरांत सांपडतात, ना देवीच्या कथेंत. आपणांस मात्र एक नायक व एक स्वप्न मिळालें कीं इतिहास पुरा झाला असें वाटतें.

या बांधास इंग्रज 'वेलार्ड' म्हणत. हा शब्द पोर्तुगीज 'वलाडो', म्हणजे कुंपण, यावरून आला. आज त्यावरून जाणाऱ्या रस्त्यास लाला लजपतराय यांचें नांव आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. बांधानें समुद्र बाहेर राहिला, पण आंतील जमीन उंच झाली नाहीं. ती पूर्वीं होती तितकीच सखल, पुष्कळ ठिकाणीं भरतीच्या पातळीच्याही खालीं राहिली. ताटाच्या कडा उंच केल्या म्हणून ताटाचा तळ वर येत नाहीं. पूर्वीं समुद्र ज्या वाटेनें आंत येई, त्याच वाटेनें पावसाचें पाणी बाहेर जाई. ती वाट बंद होतांच आकाशांतून पडलेलें पाणी आंतच कोंडलें. मोऱ्या काढल्या, त्यांना दारें बसविलीं. पण भरतीच्या वेळीं दारें लावावीं तर पाऊस आंत तुंबतो, व उघडावीं तर समुद्र आंत येतो. एकोणिसाव्या शतकांत या सखल भागांत शहराचा केरकचरा टाकून भर घालण्यांत आली. १८५६ सालीं ताडदेव येथें पहिली कापडगिरणी सुरू झाली. मागोमाग आणखी गिरण्या व मजुरांच्या चाळी उभ्या राहिल्या. मलबार टेकडीवर कोण राहिले आणि भर घातलेल्या दलदलीवर कोण राहिले, हें सांगण्यास नकाशाची गरज नाहीं.

महालक्ष्मीस घडलें तेंच पुढें उत्तरेस मिठी नदीच्या मुखाशीं घडलें. माहीमच्या खाडीभोंवतालची दलदल विसाव्या शतकांत भरून काढून तिच्यावर वांद्रे-कुर्ल्याच्या मोठमोठ्या कचेऱ्या बांधल्या गेल्या. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यास त्याच वेळीं ७५ मिलिमीटरही पडला नाहीं. दुपारीं समुद्राला मोठी भरती होती. पाण्याला जावयाचें होतें, पण जागा नव्हती, आणि शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं सत्यशोधन समिति नेमण्यांत आली. मुंबईच्या जुन्या मोऱ्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें बांधलेल्या होत्या, व तोही ओहोटीच्या वेळचा हिशेब. तो दुप्पट करण्याची योजना १९९३ सालापासून तयार होती. पुरानंतर मात्र तिला वेग आला, आणि हाजीअली, लव्ह ग्रोव्ह इत्यादि ठिकाणीं पाणी उपसून समुद्रांत फेंकणारीं मोठीं पंपगृहें उभीं राहिलीं. यांतील पहिलीं दोन नांवें वाचकांनीं नीट पाहावीं. हाजीअली त्या जुन्या खिंडारापाशींच आहे, व लव्ह ग्रोव्ह तेथून दूर नाहीं. जें दार दोनशें वर्षांपूर्वीं बंद केलें, त्याच्याच आसपास आज यंत्रांनीं पाणी बाहेर ढकलावें लागतें.

२०२४ सालीं त्याच किनाऱ्यापुढें, समुद्रांत भर घालून, नवा रस्ता खुला झाला. इकडे समुद्राची पातळीही वर चढत आहे. पावसाळा तोंडावर आला कीं साडेचार मीटरांहून उंच भरतीच्या दिवसांची यादी महानगरपालिका प्रसिद्ध करते, वर्तमानपत्रें ती छापतात, आणि दादर-परळकडचीं कुटुंबें ती कापून भिंतीवरील दिनदर्शिकेशेजारीं लावून ठेवतात.