प्रोसेसरच्या डोक्यावरचा पंखा

भाच्याला असेंबल्ड पीसी करायचाय. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम सगळं पठ्ठ्याने आधीच ठरवलेलं, गाडी अडली ती कूलरवर. "मामा, लिक्विड घेऊ की एअर?" एका ओळीत उत्तर देता आलं असतं, पण मामा लोकांना अशी संधी रोज मिळत नाही. तेव्हा थोडा इतिहास ऐका मंडळी.

३८६च्या काळापर्यंत हा प्रश्नच नव्हता. चिप उघडीबोडकी बोर्डावर बसायची आणि आपलं काम करायची. १९९३ साली ६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम आला, त्याची उष्णता १६ वॅटपर्यंत जायची. लोकांना तेव्हा तीही जास्त वाटली होती! तरी पुढची काही वर्षं निभावलं, कारण आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डने १९७४ मध्ये मांडलेलं गणित चालू होतं. ट्रान्झिस्टर लहान केला की व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येतं, त्यामुळे तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. पण मेगाहर्ट्झच्या शर्यतीत कंपन्या या गणितापेक्षा जोरात धावायला लागल्या आणि चिपा तापायला लागल्या.

२००१ सालचा १.४ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन ७२ वॅट खायचा. साठचा बल्ब हाताला किती भाजतो आठवा, आणि त्याहून जास्त उष्णता बोटाच्या नखाएवढ्या सिलिकॉनमधून निघतेय अशी कल्पना करा. त्यात या चिपेवर धातूचं झाकणही नव्हतं. नाजूक कोअर तसाच उघडा, आणि त्यावर हीटसिंक बसवायचा तो स्क्रूड्रायव्हरने पोलादी क्लिप दाबून. स्क्रूड्रायव्हर निसटला तर मदरबोर्ड गेला, हीटसिंक तिरका टेकला तर कोअरचा कोपरा गेला.

माझा कोपरा गेला. २००२ साल, पहिल्या नोकरीचे जमवलेले पैसे, लॅमिंग्टन रोडवरून पिशवीतून आणलेला ॲथलॉन एक्सपी. 'कट्' असा बारीकसा आवाज आला, आणि अख्खा महिनाभर मी घरात कुणाला काही सांगितलं नाही. दुसरा प्रोसेसर घेतला तो मित्राकडून उसने पैसे आणून.

सप्टेंबर २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर'ने एक व्हिडिओ टाकला होता, तो आमच्या पिढीने ऑफिसच्या नेटवरून उतरवून पाहिलाय. गेम चालू असताना त्यांनी हीटसिंकच काढून घेतला. पेंटियम ४ रडतखडत का होईना चालत राहिला, कारण तापला की वेग कमी करायची सोय त्याच्यातच होती. पेंटियम ३ जागीच थांबला, पण वाचला. ॲथलॉन मात्र काही क्षणांत धूर सोडून वर गेला. म्हणजे कूलर हा तेव्हा विमा होता, क्लिप निसटली की चिपेचे तेरावे घाला.

बरं, चिप वाचवायची तर आवाज सोसायचा. एएमडीची मर्यादा ३०० ग्रॅम वजनाची. त्याहून जड हीटसिंक सॉकेटला झेपेल याची खात्री नाही. मग छोट्या हीटसिंकवर ६० मिलीमीटरचा पंखा मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांनी फिरवायचा. आमच्या दोन खोल्यांच्या घरात कॉम्प्युटर आईच्या पलंगाशेजारी होता. "तुझी गिरणी बंद झाली की झोपते मी," असं ती म्हणायची, आणि मी रात्री दोनपर्यंत दळत असायचो.

यातलं गणित मला फार उशिरा कळलं. पंख्याचा व्यास दुप्पट केला तर तेवढीच हवा, निदान कागदावर तरी, एक अष्टमांश फेऱ्यांत मिळते. आणि फेऱ्या नुसत्या निम्म्या केल्या तरी आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. मोठा आणि संथ पंखा हवा, एवढंच. पण मोठा पंखा लावायला मोठा हीटसिंक लागतो, आणि नुसतं तांबं-ॲल्युमिनियम वाढवलं तर उष्णता टोकापर्यंत पोचतच नाही.

ती पोचवली हीटपाइपने. पोकळ तांब्याची नळी, आत थोडंसं पाणी, हवा काढून घेतलेली. लेहला डाळ शिजत नाही त्याच कारणाने नळीतलं पाणी कमी तापमानालाच उकळतं. वाफ थंड टोकाला जाते, तिथे पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. ना मोटर, ना वीज. १९६३ साली लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हरने अंतराळयानांसाठी हे यंत्र बनवलं. लॅपटॉपमध्ये ते आधीच आलं होतं, २००५च्या आसपास सायथच्या 'निन्जा'सारखे उंच टॉवर कूलर डेस्कटॉपवर उभे राहिले.

गंमत म्हणजे तोवर शर्यतच संपत आली होती. २००४ चा 'प्रेस्कॉट' पेंटियम ४ म्हणजे तवाच! ट्रान्झिस्टर लहान झाले, पण वीज गळायला लागली आणि डेनार्डचं गणित कोसळलं. ३.८ गिगाहर्ट्झवाल्याचा आकडा ११५ वॅट. ४ गिगाहर्ट्झचा तर रद्दच झाला, आणि इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत चक्क गुडघे टेकून माफी मागितली. २००६चा कोअर २ ड्युओ त्याहून वेगवान, आणि ६५ वॅटचा. मला विचाराल तर हे आपण शिकलो ते तापल्यामुळेच.

आता भाच्याचं. आजची चिप तापली तर स्वतःच वेग कमी करते, नाहीतर बंद पडते, जळत नाही. २०२२पासूनचे मोठे रायझन तर मुद्दामच ९५ अंशांपर्यंत जातात, त्यामुळे आकडा बघून घाबरायचं नाही. त्याची चिप ६५ वॅटची आहे, डब्यातला कूलरही चालेल. लिक्विडमधला पंप म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू. मात्र परदेशी रिव्ह्यू वाचताना एक बेरीज करायची. कूलर खोलीच्या तापमानापेक्षा खाली नेऊ शकत नाही. त्यांच्या २२ अंशांच्या खोलीत ६७ दिसले, तर नागपुरात मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ८७ धरायचे.

म्हणून मी त्याला १२० मिलीमीटर पंख्याचा साधा टॉवर घ्यायला सांगितलाय. आधी कॅबिनेटची आतली रुंदी मोज म्हटलं, नाहीतर झाकण लागत नाही. त्याने अजून मोजलेली नाही.