मुंबईहून जगाला दिलेली हाक : शस्त्रे, भाकरी आणि न्याय

भूक, ऊर्जा, युद्ध आणि न्याय हे आजच्या जगापुढील मोठे प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी त्यांची मुळे एकमेकांत गुंतलेली आहेत. या प्रश्नांना एकत्रितपणे हात घालणारा एक प्रस्ताव संत पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली आपल्या मुंबई नगरीतून जगापुढे ठेवला होता. साठ वर्षे उलटून गेल्यावरही तो प्रत्यक्षात आलेला नाही. तो प्रस्ताव काय होता, त्याचे पुढे काय झाले आणि आज त्याचे महत्त्व काय, याची माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुंबईतील आवाहन

अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखॅरिस्टिक काँग्रेस २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४ या काळात मुंबईत ओव्हल मैदानावर भरली. त्या वेळी कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे आर्चबिशप होते. २ डिसेंबर रोजी पोपमहोदयांचे आगमन झाले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप होत. त्याआधी जेमतेम तीन आठवडे, १३ नोव्हेंबर रोजी, त्यांनी आपला तिहेरी मुकुट रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरातील वेदीवर गोरगरिबांसाठी अर्पण केला होता. मुंबईहून परतताना त्यांनी आपली मोटारगाडी मदर तेरेसा यांना भेट दिली. मदर तेरेसांनी तिची सोडत काढून आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी वापरला.

या दोन घटना अनेकांच्या स्मरणात आहेत. ४ डिसेंबर रोजी त्यांनी पत्रकारांच्या हाती दिलेला संदेश मात्र फारसा कोणाला आठवत नाही. राष्ट्रांनी शस्त्रास्त्रस्पर्धा थांबवावी आणि शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग तरी एका जागतिक निधीत जमा करावा, त्या निधीतून भुकेल्या, आजारी व निराधार जनतेला साहाय्य मिळावे, असे आवाहन त्यांनी त्यात केले होते.

हे आवाहन भारतात व्हावे याला विशेष अर्थ होता. त्या वर्षांत आपला देश परदेशी गव्हावर अवलंबून होता. १९६५ व १९६६ या लागोपाठच्या दोन वर्षी पाऊस रुसला आणि १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य आयात करावे लागले. त्यातील बहुतांश धान्य अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेतून येत असे. ते केव्हा आणि किती मिळणार, हे देणाऱ्याच्या राजकीय मर्जीवर अवलंबून असे. भुकेल्याला मिळणारी भाकरी दात्याच्या मर्जीवर राहू नये, यासाठी सर्व राष्ट्रांचा सामायिक निधी हवा, हा विचार त्या परिस्थितीत भारतीयांना सहज पटण्याजोगा होता.

विश्वपरिपत्रकातील विस्तार

ऑक्टोबर १९६५ मध्ये पोपमहोदयांनी संयुक्त राष्ट्रसंघात युद्धाविरुद्ध भाषण केले. निःशस्त्रीकरणातून वाचणारा पैसा विकसनशील देशांच्या उपयोगी पडावा, असे त्यांनी तेथे सांगितले. २६ मार्च १९६७ रोजी ‘पोपुलोरुम प्रोग्रेस्सिओ’ हे विश्वपरिपत्रक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी मुंबईतील आवाहनाचा नावानिशी उल्लेख करून त्याला तात्त्विक बैठक दिली. श्रीमंत राष्ट्रांकडील अतिरिक्त धन गरीब राष्ट्रांच्या सेवेस लागले पाहिजे आणि हे दान नसून कर्तव्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दिलेल्या पैशाचा योग्य विनियोग होईल याची दात्यांना खात्री हवी. आपल्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ होणार नाही, अशी हमी घेणाऱ्यांनाही हवी, हे त्यांनी स्पष्ट केले. ‘एवढा पैसा कोणाच्या हाती द्यायचा?’ या नेहमीच्या आक्षेपाचा विचार त्यांनी आधीच केलेला होता.

प्रस्तावाचे पुढे काय झाले?

शस्त्रखर्चातून उभा राहणारा निधी काही स्थापन झाला नाही. मात्र त्या दिशेने काही पावले पडली. १९७० साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने श्रीमंत देशांसाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के विकास-साहाय्याचे उद्दिष्ट ठरविले. २०२४ साली प्रमुख दाता देशांपैकी केवळ डेन्मार्क, लक्झेंबर्ग, नॉर्वे आणि स्वीडन यांनीच ते गाठले. १९७३ च्या तेलसंकटाने खते महागली आणि अन्नाचा तुटवडा तीव्र झाला. १९७४ साली रोम येथे जागतिक अन्न परिषद भरली आणि तिच्या शिफारशीनुसार १९७७ साली आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी अस्तित्वात आला. त्यात श्रीमंत औद्योगिक देशांबरोबर तेल निर्यात करणाऱ्या देशांनीही पैसा घातला. सामायिक निधी चालू शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले. उणीव राहिली ती शस्त्रखर्चातून द्यावयाच्या निश्चित वाट्याची.

आजचे चित्र

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक भुकेले होते. त्याच वर्षी जगाचा लष्करी खर्च सुमारे २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलर झाल्याचे स्टॉकहोम येथील ‘सिप्री’ या संस्थेने नोंदविले. या खर्चाचा अवघा एक टक्का म्हणजे २,७१८ कोटी डॉलर. जागतिक अन्न कार्यक्रमाला त्याच्या इतिहासातील सर्वाधिक देणग्या २०२२ साली मिळाल्या, त्या सुमारे १,४०० कोटी डॉलरच्या होत्या. म्हणजे शंभरातील एक डॉलर बाजूला काढला तरी त्या विक्रमी रकमेच्या जवळजवळ दुप्पट निधी उभा राहतो.

युद्ध आणि भूक यांचे नाते तर उघडच आहे. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहर व परिसरातही दुष्काळ पडल्याचे जाहीर करावे लागले. उपासमार हे युद्धाचे हत्यार म्हणून वापरण्याचा निषेध सुरक्षा परिषदेने २०१८ सालीच २४१७ क्रमांकाच्या ठरावाने केला होता. युद्धाची झळ दूरवरही पोहोचते. २०२२ साली युक्रेनमधील युद्धामुळे काळ्या समुद्रातून होणारी धान्याची निर्यात अडली आणि नैसर्गिक वायू महागला. नत्रयुक्त खते या वायूपासूनच बनत असल्याने आफ्रिकेतील व आशियातील शेतकऱ्यांनाही त्याची किंमत मोजावी लागली.

दयेकडून हक्काकडे

भूक केवळ धान्याच्या अभावाने उद्भवत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली. धान्य अजिबात नव्हते म्हणून नव्हे, तर ते विकत घेण्याची ऐपत गरिबांजवळ उरली नव्हती म्हणून, असे डॉ. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली मांडले. महाराष्ट्राने याचा प्रत्यय वेगळ्या रीतीने घेतला. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. परंतु सरकारी कामांवर लाखोंना मजुरी मिळाल्याने मोठी मनुष्यहानी टळली. त्या अनुभवातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. पुढे २००१ साली अन्नाच्या हक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. शाळेत शिजवलेले मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश त्यातूनच निघाला. २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला. मर्जीने मिळणारे अन्न हक्काचे झाले, की त्यात खंड पडल्यास गरिबाला जाब विचारता येतो. मुंबईतील आवाहनाचा गाभा आम्हांस हाच वाटतो.

आपले कर्तव्य

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ साली अन्न व पाणी हे सर्व मानवांचे हक्क असल्याचे सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी ‘फ्रातेल्ली तुत्ती’ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२५ च्या शांतिदिन संदेशात शस्त्रखर्चाचा ठरावीक हिस्सा भूकनिवारण निधीला देण्याची मागणी केली. पोप चौदावे लिओ यांनी १६ ऑक्टोबर २०२५ रोजी रोममधील अन्न व कृषी संघटनेला भेट देऊन भुकेल्यांच्या बाजूने जगाला हाक दिली.

राष्ट्रांचे अंदाजपत्रक आपल्या हाती नाही, हे खरे. तथापि प्रायश्चित्तकाळातील कारितास इंडियाच्या भूक व रोगविरोधी मोहिमेत आपण उपवासातून वाचविलेला पैसा घालू शकतो. धर्मग्रामातील कोणत्या कुटुंबाची शिधापत्रिका अडली आहे, कोणत्या स्थलांतरित मजुराला धान्य मिळत नाही, याची चौकशी धर्मग्राम परिषद करू शकते. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला अन्न आणि शांतता यांविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार तर प्रत्येक नागरिकाला आहे. पाच भाकरी आणि दोन मासे जवळ असताना प्रभूने शिष्यांना लोकांना परत पाठवू दिले नाही. त्यांना खाऊ घालण्याची जबाबदारी शिष्यांवरच टाकली. ओव्हल मैदानातील त्या वेदीभोवती जमलेल्या समुदायाचे आपण वारसदार आहोत. तेथे मोडलेली भाकर आणि त्याच दिवसांत मुंबईतून दिलेली हाक यांची फारकत आपण होऊ देता कामा नये.