कारखाना आणि त्याचे गाव

उद्योगधंद्यांची समाजाविषयीची जबाबदारी हा विषय आता कायद्याच्या कक्षेत आला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु आधी नफा व मागाहून समाज असा क्रम तीत गृहीत धरलेला आहे. आपल्याकडील एका उद्योगाचा इतिहास याहून निराळी गोष्ट सांगतो.

बंगळूर येथे १९४६ साली किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी निघाली. विजेच्या मोटारी करणाऱ्या या कारखान्याचे मूळ शोधू लागलो, तर आपण कुंडल रोड स्थानकाजवळच्या, निवडुंगाने भरलेल्या एका माळावर येऊन पोहोचतो. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना हा माळ औंधच्या अधिपतींनी दिला आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

माळावर यंत्रे आणता आली, पण कारागीर कसे आणावयाचे? त्यांना घर हवे, पाणी हवे, मुलांना शाळा हवी. म्हणजे कारखान्याबरोबरच गाव वसविणे भाग होते. तेथे ते औदार्य नव्हते. उत्पादनाची ती पहिली अट होती. मात्र लक्ष्मणरावांनी केवळ गरजेपुरते पाहिले नाही. वसाहतीत त्यांनी अस्पृश्यतेला थारा दिला नाही, आणि शिक्षा भोगलेल्या माणसांवर रात्रीच्या पहाऱ्याचा भार विश्वासाने सोपविला.

विश्वासाची गरज व्यापारातही होतीच. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, या समजुतीमुळे पहिले नांगर खपता खपेनात. नांगर चांगला असून भागत नव्हते. शेतकऱ्याची खात्री पटावी लागली. ज्यांच्यासाठी माल करावयाचा व ज्यांच्याकडून तो करवून घ्यावयाचा, त्या दोघांचाही भरवसा हेच त्या उद्योगाचे खरे भांडवल ठरले.

तथापि यातून सोपा निष्कर्ष काढू नये. याच घराण्याने १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा यंत्रांचा कारखाना काढला. एके काळी नावाजलेला तो कारखाना पुढे बंद पडला. समाजाची सेवा हा तोट्यावरचा उतारा नव्हे. शिवाय घर मालकाचे असले म्हणजे नोकरीबरोबर छप्परही जाण्याची धास्ती कामगाराला असते.

बंगळुरासारख्या महानगरात कारखान्याला स्वतःचे गाव वसवावे लागत नाही. कामगार शहरात कोठेतरी राहतो; त्याच्या पाण्याची व भाड्याची चिंता कारखान्याच्या फाटकाबाहेर राहते. म्हणूनच दोन टक्क्यांचा हिशेब पुरा करणे पुरेसे नाही. नफा मिळविताना कंत्राटावरील मजुराला काय वेतन दिले, वापरलेले पाणी कोठे सोडले, हेही त्या हिशेबात विचारले पाहिजे. किर्लोस्करवाडीच्या माळावर हे प्रश्न टाळता येत नव्हते. शहरात ते टाळता येतात, आणि खरा धोका तेथेच आहे.